‘दोन महिन्यांचंच डिपॉझिट’ ही रील बोईसर-पालघरला लागू होते का? भाडेकरार, रात्रीचा डीजे आणि तुमचा फोन

२०२५ च्या शेवटी शेवटी एक रील बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेली. केंद्र सरकारने म्हणे नवे भाडे नियम आणलेत, आता घरमालक दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागू शकत नाही, आणि करार दोन महिन्यांत नोंदवला नाही तर ५,००० रुपये दंड. काही वेबसाइट्सनी हीच माहिती बातमी म्हणून चालवली. रील अजूनही फॉरवर्ड होते, आणि ती दाखवून बोईसरच्या एखाद्या एजंटशी वाद घालायला गेलात तर तो हसेल. डिपॉझिटच्या बाबतीत त्याचं हसणं बरोबर आहे.

महाराष्ट्रात दोन महिन्यांच्या डिपॉझिटचा असा कुठलाही नियम नाही. पण रीलमधली दुसरी गोष्ट, म्हणजे करार नोंदवण्याची सक्ती, ती आपल्या राज्याच्या कायद्यात २००० सालापासून आहे. ती मात्र एजंट सांगत नाही, आणि मालकही नाही.

रील आली कुठून?

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. ‘आदर्श’ म्हणजे नमुना. घरभाडं हा विषय राज्यघटनेनुसार राज्यांच्या यादीत येतो, म्हणून केंद्राने एक नमुना तयार करून राज्यांना पाठवला: पटला तर तुमच्या विधानसभेत असा कायदा करा. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, ही त्या नमुन्यातली गोष्ट. उत्तर प्रदेशने २०२१ मध्येच आपल्या शहरी भागासाठी तसा कायदा केला. तामिळनाडूच्या २०१७ च्या कायद्यात मर्यादा तीन महिन्यांची आहे. महाराष्ट्रात अजून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालतो, आणि त्यात डिपॉझिटवर अशी मर्यादा नाही.

म्हणजे गंमत बघा. वाराणसीहून तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या मुलाला त्याच्या शहरात दोन महिन्यांच्या मर्यादेचं संरक्षण आहे, आणि बोईसर स्टेशनला उतरला की ते संपतं. इथे डिपॉझिट किती, ते परत कधी मिळणार, कशासाठी कापलं जाणार, हे सगळं फक्त तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

आणि इथे भाड्याने राहणारे थोडे नाहीत. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, त्यानंतर एमआयडीसीतले केमिकल, औषध, कापड आणि स्टीलचे कारखाने. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला आणि सरकारी कार्यालयं इथे आली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. यातल्या प्रत्येक कामासोबत सुपरवायझर, वेल्डर, नर्स, क्लार्क, इंजिनिअर आणि शिकणारी मुलं येतात. कुणी एकटं, कुणी चौघं मिळून एका वन बीएचकेत. बहुतेकांचं घर शोधणं एका फोनवर आणि एका एजंटवर अवलंबून असतं.

११ महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरे.’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्यामागे अर्धवट माहिती आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातलं कलम ५५ मात्र मुदत बघतच नाही. त्यानुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने तसं केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रीलमधला ५,००० चा आकडा ऐकून ‘काहीतरी नवीन आलंय’ असं वाटलेल्यांसाठी: आपल्याकडे तो आकडा तुमच्यातल्या अनेकांच्या जन्माआधीचा आहे.

याच कलमातली आणखी एक ओळ भाडेकरूच्या फार कामाची आहे. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर कुठल्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःचीच बाजू कमकुवत करतो. हे त्याला नीट समजावून सांगितलं तर ‘कशाला खर्च’ म्हणणारे बरेच मालक तयार होतात. अर्थात या ओळीच्या भरवशावर करार न करता राहू नका. तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं ते कोर्टात, आणि कोर्टापर्यंत जायला वेळ आणि रजा दोन्ही लागतात.

खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के या दराने लागतं. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कमही मिळवतात. आठ-दहा हजार भाड्याच्या घरासाठी हे शे-पाचशेच्या घरात जातं. नोंदणी फी ५०० ते १,००० रुपये, जागा ग्रामीण भागात की शहरी यावर. वर थोडं हाताळणी शुल्क आणि करून देणाऱ्याची फी. एजंटला एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून देणारा माणूस इथे पैसे वाचवत असेल तर हिशोब चुकतोय.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन प्रणालीवर करार भरला जातो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचा आधारवरून अंगठा घेतला जातो, फोटो काढला जातो, आणि कार्यालयातून मंजुरी मिळाली की पीडीएफ येते. अधिकृत सेवा पुरवठादार मशीन घेऊन घरी येतात.

फसायची जागा इथेच आहे. माहिती भरून झाली की प्रणालीतून मसुद्याची पीडीएफ निघते. ती दिसायला करारासारखीच असते. काही जण तीच व्हॉट्सॲपवर पाठवून ‘झालं रजिस्टर’ सांगतात. पीडीएफमध्ये दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख आहे का, दुय्यम निबंधकाची डिजिटल सही आहे का, हे बघा. तुमचा अंगठा कुणी घेतलाच नसेल तर नोंदणी झालेली नाही, इतकं सोपं आहे.

‘लायसन्स’ हा शब्द हलका घेऊ नका

आपण बोलताना भाडेकरू म्हणतो, पण लीव्ह अँड लायसन्स करारात तुम्ही कायद्याच्या भाषेत परवानाधारक असता. म्हणजे ठराविक काळ तिथे राहायची परवानगी, जागेत हक्क नाही. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. त्यामुळे ‘डिपॉझिट देत नाही ना, मग मीही खोली सोडत नाही’ हा मित्रांच्या ग्रुपवर मिळणारा सल्ला महागात पडतो. उलट बाजूने, मुदत चालू असताना सामान बाहेर टाकणं किंवा परस्पर कुलूप बदलणं हा मालकासाठीही कायदेशीर मार्ग नाही.

या कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की लेखी परवाना करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. ‘बाथरूमचं लीकेज पुढच्या महिन्यात करून देतो’, ‘सहा महिन्यांचा लॉक-इन आहे पण तुमच्यासाठी चालेल हो’, असलं तोंडी बोलणं कागदावर नसेल तर त्याला किंमत नाही.

मसुदा सहीआधी फोनवर मागवा आणि पूर्ण वाचा. लॉक-इन दोघांनाही लागू आहे की फक्त तुम्हाला? बहुतेक छापील नमुन्यांत तो तुम्हालाच बांधतो. डिपॉझिट किती दिवसांत परत, हे आकड्यात लिहिलंय का? ‘रंगकामाचे पैसे कापले जातील’ याऐवजी ‘नेहमीच्या वापराने झालेली झीज सोडून झालेलं नुकसान’ असं लिहून घ्या. लाइट बिल मीटरप्रमाणे महावितरणच्या दराने, की मालकाच्या सब-मीटरवर त्याच्या दराने? चाळींमध्ये आणि एका फ्लॅटचे दोन भाग केलेल्या जागांमध्ये हा वाद हमखास होतो.

डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने किंवा खात्यावर पाठवा, शेऱ्यात ‘डिपॉझिट’ आणि फ्लॅट नंबर लिहा, आणि पैसे करारात नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात जाऊ द्या, एजंटच्या नाही. घर त्याचंच आहे का हे बघायला खरेदीखताची इंडेक्स टू किंवा निदान लाइट बिल मागा. घर न बघता टोकनसाठी क्यूआर कोड पाठवणारा, स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवणारा मालक भेटला तर तिथेच थांबा. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० वर फोन करा.

मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती ऑनलाइन भरता येते. त्यासाठी एजंट वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे ते विचारा.

आता आवाज

इथे बोईसरचा एक खास प्रश्न आहे, जो मुंबई-पुण्याच्या लेखांत सापडत नाही. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार दिवस सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र १० ते ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०. कायद्याचं जवळपास सगळं बळ रात्रीच्या बाजूने आहे. पण एमआयडीसीतला माणूस तिसरी पाळी करून सकाळी सात-आठला घरी येतो. त्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते, आणि तेव्हा वरच्या मजल्यावर टाइल्स कापायचं मशीन चालू असतं. नियमांच्या नजरेत तो दिवस आहे.

रात्री १० नंतर नियम स्पष्ट आहेत. लाउडस्पीकर, डीजे, वाद्यं बंद. सूट फक्त बंदिस्त सभागृहांसारख्या जागांना, आतल्या आत. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी रात्री १२ पर्यंत परवानगी देऊ शकतं. ते कोणते दिवस, हे आधी जाहीर होतं. गणपती-नवरात्रातले काही दिवस त्यात असतात. लग्नाची हळद त्यात येत नाही. आपल्या पट्ट्यात हळदीचा डीजे मध्यरात्र उलटली तरी वाजतो आणि ‘एकाच दिवसाचा प्रश्न आहे’ म्हणून सगळे गप्प बसतात. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूच्या चार पाड्यांत मिळून तो एक दिवस पंधरा वेळा येतो. शेजाऱ्यांच्या आनंदाला विरोध नाही, पण सूट आहे असा समज चुकीचा आहे, एवढंच.

रात्रीच्या वेळी निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रंही चालवता येत नाहीत. नव्या बिल्डिंगचा स्लॅब रात्री दोनला पडत असेल तर तक्रार करता येते. शेजाऱ्याच्या होम थिएटरसाठी वेगळी मर्यादा आहे: खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या सीमेवर, त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. वरच्या मजल्यावर धावणारी मुलं, खुर्च्या ओढणं, मिक्सर यांवर मात्र हे नियम जवळजवळ निरुपयोगी आहेत. तिथे बोलणं, सोसायटी, आणि खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बूट. रेल्वे लाइनकडे खिडकी असलेला फ्लॅट घेतलात तर मालगाडीच्या हॉर्नबद्दल तक्रार करायला कुठलाच काउंटर नाही.

कारखान्याचा किंवा जनरेटरचा सततचा आवाज हा वेगळा विषय आहे. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची तारापूरसाठीची उपप्रादेशिक कार्यालयं आहेत. लेखी तक्रार तिथे करा, ईमेलने केली तर तारीख आपोआप राहते.

हायकोर्टाने काय सांगितलं

भाडेकरू आवाजाची तक्रार का करत नाही, याचं खरं कारण डेसिबल नाही. तक्रार केली की नाव फुटतं, समोरचा मालकाच्या ओळखीचा निघतो, आणि पुढच्या महिन्यात ‘घर आम्हालाच लागतंय’ असा निरोप येतो. बाहेरगावच्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखी पटकन होतं.

२३ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर दिलेला निकाल इथे महत्त्वाचा आहे. प्रकरण धार्मिक स्थळांवरच्या लाउडस्पीकरचं होतं आणि बातम्या त्याच अंगाने आल्या: लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्या गदारोळात तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट मागे पडली. आवाजाची तक्रार आली तर पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि ओळख कळली असेल तर ती समोरच्याला सांगू नये, असं न्यायालयाने सांगितलं. कारवाईच्या पायऱ्याही दिल्या: आधी समज, मग दंड, तरीही ऐकलं नाही तर लाउडस्पीकर जप्ती आणि परवाना रद्द करण्यापर्यंत. महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या दिवसाला ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाचा उल्लेखही निकालात आहे. आणि टेक वाचकांसाठी खास: आवाज मोजणारी मोबाईल ॲप्स उपलब्ध आहेत, याचीही दखल न्यायालयाने घेतली.

त्यामुळे ११२ वर फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘माझं नाव सांगू नका’ असं स्पष्ट सांगा. पत्ता स्वतःच्या दाराचा नको, आवाज जिथून येतोय त्या जागेचा द्या. नाहीतर पोलीस आधी तुमचीच बेल वाजवतात आणि सगळी बिल्डिंग दार उघडून बघते.

तुमच्या फोनचं डेसिबल ॲप किती खरं?

ॲप आहे म्हणून थेट पुरावा आहे, असं होत नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज मोठा झाला की तो स्वतःच पातळी खाली ओढतो, गोंगाट कमी करायचा प्रयत्न करतो. प्रत्येक मॉडेलचा माइक वेगळा. अमेरिकेतल्या नियॉश या सरकारी संस्थेने कामाच्या जागेवरचा आवाज मोजायला एक मोफत ॲप काढलं, ते योग्य परिस्थितीत २ डेसिबलच्या आत बरोबर असल्याचं ती सांगते. पण ते फक्त आयफोनवर आहे, कारण अँड्रॉइडच्या शेकडो फोनांचे शेकडो माइक तपासणं शक्य नाही. अँड्रॉइडवर कुठलंही ॲप वापरलंत तरी आकडा अंदाजे समजा.

दुसरी अडचण कुणी सांगत नाही. मर्यादा डीबी(ए) मध्ये आहेत. यातल्या ‘ए’चा अर्थ मोजमाप माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे जुळवलेलं आहे, आणि त्यात खोल, कमी वारंवारतेचे आवाज कमी धरले जातात. डीजेचा बेस नेमका तसाच असतो. खिडकीची काच थरथरते, छातीत धडधडतं, आणि ॲप मात्र ‘इतकं काही नाही’ म्हणतं. तुमचे कान खोटे नाहीत, पट्टी वेगळी आहे. डेसिबलची पट्टी सरळ चढतही नाही: १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. ४५ च्या जागी ६५ दिसले तर ते ‘थोडं जास्त’ नाही, शंभरपट आहे.

मोजायचंच तर पंखा बंद करा, फोनची केस काढा, माइक हाताने झाकू नका, उघड्या खिडकीशी धरा आणि एका क्षणाचा मोठा आकडा न घेता काही मिनिटांची सरासरी घ्या. पण रात्री १० नंतरच्या डीजेसाठी आकड्याची गरजच नाही. नियमानुसार तक्रार दोन प्रकारे करता येते: आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तेव्हा. दुसऱ्या प्रकारात प्रश्न फक्त ‘वाजत होतं का, आणि किती वाजता’ एवढाच. त्यासाठी ॲपपेक्षा साधा व्हिडिओ चांगला. त्यात घड्याळ दिसू दे, आवाजाची दिशा आणि जागा ओळखू येऊ दे.

व्हिडिओ आणि घराचे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवले की दाबले जातात आणि त्यांच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. मालकाशी चाललेल्या चॅटमध्ये गायब होणारे मेसेज बंद ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश नमूद करतात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा: एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. म्हणून व्हिडिओ कापू नका, त्यावर बाण आणि मजकूर टाकू नका. स्टेटससाठी कॉपी बनवा, मूळ तसंच ठेवा.

आवाज करारात लिहिता येतो

दिवसा झोपणाऱ्यासाठी कायदा अपुरा आहे हे वर आलंच. उरतो करार. आवाजाला कंटाळून चौथ्या महिन्यात घर सोडलं आणि सहा महिन्यांचा लॉक-इन असेल, तर मालक डिपॉझिट अडवतो. ‘शेजारी ड्रिल मारतो’ हे कारण छापील करारात कुठेच नसतं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते, त्यामुळे संपूर्ण डिपॉझिट गिळणं मालकाला सहज शोभून जाणारं नाही. पण हा मुद्दा भांडून सिद्ध करावा लागतो.

त्यापेक्षा मसुद्यात दोन ओळी घाला: परवानाधारक रात्रपाळीत काम करतो हे मालकाला माहीत आहे, आणि इमारतीतल्या सततच्या कामामुळे किंवा आवाजामुळे राहणं अशक्य झालं आणि लेखी कळवूनही १५ दिवसांत सुधारणा झाली नाही, तर एका महिन्याची नोटीस देऊन लॉक-इनशिवाय सोडता येईल. सगळे मालक मान्य करणार नाहीत. मागून बघायला पैसे पडत नाहीत, आणि जो मालक वाचून ‘बरोबर आहे’ म्हणतो त्याच्याबद्दल तुम्हाला बरंच काही कळतं.

घर बघायलाही रविवारी संध्याकाळी जाऊ नका. ज्या वेळी तुम्ही झोपणार त्या वेळी जा. सकाळी दहाला खिडकी लावून दहा मिनिटं नुसतं बसा. शेजारी प्लॉट रिकामा दिसला आणि कुंपणाला पत्रे लागले असतील तर पुढची दोन वर्षं तिथे काय होणार हे उघड आहे.

सोसायटी नोंदणीकृत असेल तर दुपारी काम बंद ठेवायचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. पण तुम्ही सभासद नाही, मालक आहे. सोसायटीकडे अर्ज त्याच्या नावाने किंवा त्याच्या मेसेजसोबत गेला तर वजन पडतं. सोसायटीच नसलेल्या, बिल्डरच्या माणसाने चालवलेल्या इमारतींत हा मार्ग नाही, हे घर घेण्याआधी विचारून घ्या.

डिपॉझिट परत आलं नाही तर

घर सोडताना रिकाम्या खोल्यांचा सलग व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग घ्या, आणि चावी दिल्याचा मेसेज त्याच दिवशी पाठवा. करारातली मुदत उलटली की आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी न्यायालय. बरेच जण नोटिशीच्या खर्चालाच घाबरून तीस-चाळीस हजारांवर पाणी सोडतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदत कुणाला मिळते याची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत, आणि औद्योगिक कामगारही आहेत. या तिघांसाठी उत्पन्नाची अट लागत नाही. तारापूर एमआयडीसीत कामगार असाल तर मदतीसाठी अर्ज करा. कंपनीचं ओळखपत्र, नोंदणीकृत करार आणि डिपॉझिटच्या यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट सोबत ठेवा. अर्ज पालघर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो, आणि माहितीसाठी हेल्पलाइन १५१०० आहे.